डाग सुताचा की लूमचा

आमच्या घरात भांडण एकच होतं आणि ते रोज संध्याकाळी चहाबरोबर व्हायचं. डाग सुताचा की लूमचा? बाबा जॉबर होते, म्हणजे सेठच्या कारखान्यातले चोवीस लूम चालते ठेवायची जबाबदारी त्यांची. पट्टा घसरला, धोटा अडकला, कुठल्या चाकाचा दात झिजला की बाबांनी पाना घेऊन धावायचं. आई त्याच कारखान्याच्या फोल्डिंगमध्ये होती. विणून झालेला तागा तिच्या टेबलावरून पुढे सरकायचा, त्यातले तेलाचे डाग, गाठी, तुटलेल्या तारा तिने हुडकायच्या आणि मग घड्या घालायच्या. म्हणजे बाबांच्या हातून जे निसटायचं ते थेट आईच्या डोळ्यांपुढे येऊन पडायचं. इतक्या सोयीचं भांडण फार थोड्या नवरा-बायकोंना मिळत असेल.

“सात नंबर तेल सांडतोय,” आई बशीत चहा ओतत म्हणायची.

“सात नंबर परवाच खोलून बसवलाय. सूतच खराब आलंय या खेपेला.”

“सुताला तेल कुठनं येतंय?”

“ट्रकात लागलं असल.”

“ट्रकात लागलं आनि बरोबर चार-चार वितींवर लागलं? डायवरनं मोजून लावलं काय?”

यावर बाबा चहा संपवून बाहेर बिडी ओढायला जायचे. आईचा नियम साधा होता. सुतात दोष असला तर तो कापडात कुठंही उगवतो, आज इथे तर उद्या तिथे. लूममध्ये दोष असला तर तो ठरल्या जागी येतो, कारण चाक फिरून पुन्हा तिथंच येतं. हे सांगताना ती अंगठा आणि करंगळी ताणून जमिनीवर विती टाकून दाखवायची, एक, दोन, तीन, चार, आणि चौथ्या वितीला बोट आपटायची. जेवणाचं ताट समोर असेल तर ताटालाही तिची वीत लागायची. मी आणि माझी धाकटी बहीण हा खेळ पाहतच मोठ्या झालो. पाढे शाळेत शिकलो, पण मोजणं आईकडून.

तिच्या पदराला कायम लाल दोऱ्याची रीळ बांधलेली असायची. ताग्यात डाग सापडला की ती त्याच्या समोर, कापडाच्या किनारीला, लाल दोऱ्याची बारीक गाठ मारायची. कापड उलगडायच्याही आधी घेणाऱ्याला किनारीवरून कळायचं की आत कुठे काय आहे. दिवाणजी कधीमधी कुरकुर करायचे की कमलबाई, एवढे दोरे कशाला, सगळ्यांच्याच नजरेत येतं असं नाही. आई म्हणायची, “दोरा असला म्हंजे त्याला कळतं कुठं कापायचं. दोरा नसला तर तो सगळ्याच ताग्यावर संशय घेतो.” हे वाक्य मी पुढे तीन देशांतल्या सभांमध्ये वेगवेगळ्या शब्दांत बोलले आहे आणि दर वेळी लोकांनी ते माझं समजून वहीत लिहून घेतलं आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, घेऊ दे.

आमचं घर म्हणजे एक खोली आणि मागे मोरी. पुढच्या भिंतीवर दोन तसबिरी, त्यांच्यासमोर रोज सकाळी मेणबत्ती आणि वंदना. दक्षिणेच्या भिंतीला एक खिडकी, लाकडी झडपांची. गल्लीच्या दोन्ही बाजूंना कारखाने, त्यामुळे खटखट, खटखट हा आवाज आम्हाला आवाज वाटायचाच नाही. पाहुणे आले की ते ओरडून बोलायचे आणि आम्ही त्यांच्याकडे नवलाने पाहायचो. उलट वीज गेली की सगळी गल्ली दचकायची, तान्ही पोरं रडायला लागायची. शुक्रवारी लूमना सुट्टी. त्या दिवशी भिवंडीत चिमण्या आहेत हे कळायचं, शेजारच्या बेकरीत पाव भाजल्याचा वास रुईच्या वासातून सुटा होऊन घरात यायचा, आणि आई साठलेलं धुणं घेऊन जी मोरीत बसायची ती दुपार टळेपर्यंत. बाबांच्या केसांत आणि भुवयांत कापसाची रुई बसलेली असायची. ते म्हातारे झाले आणि खरेच केस पांढरे झाले तेव्हा आमच्या कोणाच्या ते लक्षातच आलं नाही.

मी दहावीत होते. आमचे विज्ञानाचे भोईर सर खाडीकाठच्या गावातले, शेतकऱ्याचा मुलगा, अंगाने दांडगे आणि मनाने आमच्याहून लहान. एखादी गोष्ट आवडली की त्यांचा आवाज चढायचा आणि बोली घरची व्हायची. एके दिवशी त्यांनी फळ्यावर मोठं वर्तुळ काढून आत खडूने चार ठिपके दिले आणि म्हणाले, “हे सूर्यावरचे डाग.” सगळा वर्ग हसला. आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या घरी कोणीतरी लूमवर होतं. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, “सर, सुताचे का लूमचे?” सरांना विनोद कळला नाही. पण मला तो प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच, कोणाचे? सूर्याच्या आतून येतात की बाहेरून लागतात, ठरल्या जागी येतात की कुठंही? मधल्या सुट्टीत मी सरांना तेच विचारलं. सर म्हणाले, “चष्म्याचं भिंग मिळव. अर्ध्या नंबराचं. मंग आपण बघू.”

चष्म्यांचं दुकान बाजारपेठेत रियाजचाचांचं. त्यांनी आधी बाबांना किती नंबर लागला ते विचारलं, मग मी सूर्यासाठी पाहिजे म्हटल्यावर हातातला कपडा खाली ठेवला. डब्यातून काठ उडालेलं एक भिंग काढून माझ्या तळहातावर ठेवत म्हणाले, “बेटा, इसमें आँख मत लगाना, कभी नहीं. सूरज को घर बुलाओ, तुम उसके घर मत जाओ.” पुढे मोठमोठ्या दुर्बिणींच्या दारांवर मी सूचनांच्या पाट्या पाहिल्या. इतकी स्पष्ट एकही नव्हती.

तर सूर्याला घरी बोलवायचं ठरलं. दिवाळीनंतर ऊन तिरपं होऊन दुपारी आमच्या दक्षिणेच्या खिडकीत यायचं. बाबांनी झडपेला भोक पाडलं, त्यात भिंग बसवलं, भोवती मेण लावलं. झडप लावून दार ओढून घेतलं की खोलीत अंधार व्हायचा आणि आत दोन-अडीच पावलांवर जमिनीजवळ चार आण्याच्या नाण्याएवढा सूर्य पडायचा. पडदा म्हणून आईने कारखान्यातून कोऱ्या कापडाचा हातभर तुकडा आणला. “चोख हाय. दोनदा बघितलाय,” ती म्हणाली. बाबांनी तो फळीवर ताणून खिळ्यांनी ठोकला. चार आण्याचं नाणं ठेवून मी पेन्सिलीने त्यावर गोल काढला, वरच्या बाजूला बाण केला, आणि झाली आमची वेधशाळा. शाळा सकाळची, त्यामुळे साडेबारापर्यंत मी घरी. सूर्य मात्र स्वस्थ बसत नाही. दोन मिनिटांत आपल्या रुंदीइतका पुढे सरकतो. डाव्या हाताने फळी ढकलत त्याला गोलात धरून ठेवायचं आणि उजव्या हाताने वहीत, प्रत्येक पानावर त्याच जागी काढलेल्या तेवढ्याच गोलात, डाग उतरवायचे, असा तो कार्यक्रम. काम झालं की कापडावर धूळ बसू नये म्हणून फळी चादरीत गुंडाळून पेटीमागे.

पहिल्या दिवशी खसखशीच्या दाण्याएवढे तीन डाग दिसले आणि मी अंधारात एकटीच हसले. आजही नवा विद्यार्थी पहिल्यांदा पडद्यावर काही पाहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहायला मला आवडतं, पडद्याकडे मी नंतर बघते. हळूहळू कळलं की डाग चालतात. एका कडेने येतात, तेरा-चौदा दिवसांत दुसऱ्या कडेने निघून जातात, काही वाटेतच विरतात. फक्त एक डाग कुठे जात नव्हता. मधोमधच्या जरासा खाली, डावीकडे, तो पहिल्या दिवशी होता तिथेच होता. मी त्याला थोरला म्हणायचे. बाकीचे येऊन-जाऊन असायचे, थोरला घर धरून बसलेला.

मी वही सरांना दाखवली. त्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली आणि त्यांचा आवाज चढला. “पुस्तकात लिवलंय सगळे डाग सरकतात. ह्यो सरकत न्हाय. म्हंजे पुस्तकाला ह्यो ठावूकच न्हाय!” त्यांना मी दोष देत नाही. मला पंधरावं वर्ष होतं आणि त्यांना पंचविसावं, आणि शोध लागला असं वाटण्याची ती दोन्ही वयं आहेत. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात याचाच तक्ता करून न्यायचं ठरलं. मोठ्या पुठ्ठ्यावर वहीतली एकेचाळीस चित्रं उतरवून ओळीने चिकटवली आणि सरांनी पेंटरकडून वर निळ्या अक्षरांत लिहून आणलं: ‘सूर्यावरील स्थिर डाग : एक नवा शोध’.

आता मामाबद्दल सांगायला पाहिजे, कारण सगळं येऊन त्याच्यावर थांबलं होतं. वसंतमामा आईचा धाकटा भाऊ, ठाण्याला कचेरीत हेडक्लार्क. आमच्या सगळ्या गोतात मॅट्रिकच्या पुढे गेलेला तो पहिला, त्यामुळे कोणी काय शिकायचं हे त्याला विचारल्याशिवाय ठरत नसे. मला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं. त्यासाठी ठाण्याच्या कॉलेजात जावं लागणार होतं आणि मामाच्या घरी राहावं लागणार होतं. मामाचं मत होतं की मी डी.एड. करावं. दोन वर्षांत मास्तरीण, हातात नोकरी, त्याच्या मेहुणीने तेच केलं होतं. आईबाबा त्याच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते. दिवाळीला मी हट्टाला पेटले तेव्हा तो म्हणाला, “बरं. तालुक्याला पहिल्या तिनात ये आणि जिल्ह्याला जा. मग सायन्सचं बघू. नाहीतर डी.एड.” वर प्रदर्शनाला स्वतः येईन असंही म्हणाला. मामाने शब्द दिला की तो कचेरीच्या शिक्क्यासारखा असायचा, पुसला जात नसे. प्रदर्शन शनिवारी होतं आणि थोरल्याच्या जोरावर मी मनाने ठाण्याला राहायलाही गेले होते.

आदल्या दिवशी शुक्रवार. आईचं धुणं त्या दिवशी लवकर आटपलं. मी तिला म्हटलं, तू एकदाही नीट बघितलं नाहीस, ये. ती ओले हात पुसत आत आली, फळीजवळ उकिडवी बसली. मी सूर्याला गोलात धरला आणि एकेक डाग दाखवला. शेवटी थोरला.

“ह्यो रोज असतो?”

“रोज. एकदाही हलला नाही.”

आईने हात पुन्हा पदराला पुसले. वही घेतली. ती पानं वाचत नव्हती, ताग्याच्या घड्या उलगडतात तशी अंगठ्याखालून भराभर सोडत होती. मग झडप उघडून तिने पाच-सहा पानं एकत्र धरली आणि उजेडासमोर नेली. एका पानावरचे डाग दुसऱ्या पानावरच्या डागांशी जुळत नव्हते. थोरला मात्र सहाच्या सहा पानांत एकावर एक बसला होता.

“सुजा,” ती म्हणाली, “ह्यो सूर्याचा न्हाय. ह्यो लूमचा हाय.”

मला आधी राग आला. पण ती काय म्हणते ते मला त्याच क्षणी कळलं होतं. अख्खं लहानपण मी तो नियम ऐकला होता. आईने फळी उचलून दारात उन्हात नेली, डोळे बारीक करून गोलातल्या त्या जागेकडे पाहिलं, बोट जिभेला लावलं आणि नखाने खरवडलं. तिच्या नखावर काळा कण आला. तिने तो माझ्यासमोर धरला. दोन महिने मी ज्याला सूर्यावरचा थोरला म्हणत होते तो आईच्या नखावर बसला होता.

बाबा ओट्यावर बसून बिडी वळत होते. त्यांनी वाकून पाहिलं, कण चिमटीत घेतला, चुरडला, आणि त्यांच्या तोंडावर जे पसरलं ते मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. “सरकी,” ते म्हणाले. “सरकीचा कण. कापसातनं सुतात, सुतातनं कापडात. वीस वर्सं सांगतोय मी, सुताचा डाग, सुताचा डाग. आनि हिनं दोनदा बघून चोख म्हनून आनला!”

आईने नखाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते, पण ती हसत होती. “निसटला,” ती म्हणाली. “माझ्या हातनं निसटला.” माझी बहीण हसली, बाबा हसले. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते आणि रडताना मध्येच मलाही हसू आलं, याचा मला फार अपमान वाटला.

इथे जरा थांबते. पुढे मी सूर्याच्याच डागांवर प्रबंध लिहिला. लोकांनी हातांनी काढून ठेवलेल्या सूर्याच्या जुन्या चित्रांच्या पेट्याच्या पेट्या उलगडत मी नव्वदच्या दशकातली माझी तरुण वर्षं घालवली. त्यातला प्रत्येक काढणारा कधीतरी थकलेला, कधी घाईत, एखाद्याच्या भिंगावर बुरशी आलेली. माझं काम एवढंच, की यातलं सूर्याचं कोणतं आणि भिंगाचं कोणतं ते निवडायचं. नंतर मी सूर्य सोडून पाऊस आणि तापमानाकडे वळले तेव्हा खगोलातले मित्र म्हणाले, वर बघणारी बाई खाली बघायला लागली. मला काही मोठा बदल वाटला नाही. एका गावच्या नोंदीत दुपारचं तापमान अचानक वर चढून तिथेच बसलं होतं. आमच्या गटातल्या तरुण मंडळींनी त्यावर सुंदर लेख लिहायला घेतला. मी म्हटलं, आधी गावाला जाऊन येते. तापमापकाच्या पेटीसमोरच्या अंगणात कोणीतरी सिमेंटचा कोबा घातला होता. हवा तापते आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, शेकडो ठिकाणच्या चोख नोंदी ते सांगतात. पण त्या गावची ती उडी कोब्याची होती, आणि ती आपण दोरा न बांधता पुढे सोडली असती तर चोख नोंदींवरही लोकांनी संशय घेतला असता.

तर त्या शुक्रवारी. रडून झाल्यावर मी म्हणाले की तक्त्यावरचा थोरला खोडरबराने पुसून टाकू. नाहीतर तसाच राहू देऊ. कोणाला कळणार आहे? मामाला तर नक्कीच नाही. हे मी खरंच म्हणाले, लपवत नाही.

“पुसू नको,” आई म्हणाली. “तुला दिसलावता का न्हाय? मंग तो तिथं हाय. दोरा बांध आनि सोड पुढं.”

“मग नंबर येणार नाही. मामा डी.एड.ला घालेल.”

आईने तक्त्यावरच्या ओळींवरून बोट फिरवलं. लग्नाआधी तिला सातवीतून काढून शेतावर घातलं होतं, हे मला माहीत होतं. मी सायन्सला जावं अशी तिची इच्छा माझ्याहून कमी नव्हती, हेही माहीत होतं. तिने पदराची रीळ सोडून माझ्या हातात दिली. “तुझा तागा हाय,” ती म्हणाली. “तू सांग.”

मी सुईत दोरा ओवला. मी टोचायची, आई मागून गाठ मारायची. थोरल्यासमोर, प्रत्येक चित्राच्या कडेला, एकेचाळीस गाठी. मग आम्ही दोघी सरांच्या घरी गेलो. सर ओट्यावर बसले. आईने त्यांना वही उजेडात धरून दाखवली. ते खिशातून एक लिफाफा काढून बघत राहिले. “पेपरला धाडायचं पत्र,” ते म्हणाले. “उद्या टाकनार होतो पोस्टात. नशीब तिकीट न्हवतं.” नंतर त्यांनी तक्ता आडवा धरला, निळ्या अक्षरांकडे पाहिलं, आणि ‘नवा शोध’वर बोट ठेवून म्हणाले, “हितं पन एक बांध, सुजाता.” बेचाळिसावी गाठ ती.

प्रदर्शन गावातल्याच एका मोठ्या शाळेत होतं. माझ्या एका बाजूला पाणी उपसणारी पवनचक्की, दुसऱ्या बाजूला धूर सोडणारा ज्वालामुखी, त्यामुळे गर्दी माझ्यासमोरून फक्त जात होती. मामा सफारी घालून, खिशाला दोन पेनं लावून वेळेवर आला आणि हात मागे बांधून उभा राहिला. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. परीक्षक म्हणून ठाण्याच्या कॉलेजातल्या एक बाई होत्या. त्या पुढे गेल्या आणि परत आल्या.

“हे लाल दोरे कसले?”

“चूक आहे तिथे, बाई. हा डाग सूर्यावर नव्हता. आमच्या कापडावर सरकीचा कण होता.”

“मग पुसून नवं चित्र का नाही काढलंस?”

“मला तो तेव्हा दिसला होता. दिसला तसा ठेवला. फक्त दोरा बांधला.”

“आणि हे बाकीचे डाग सूर्याचेच कशावरून?”

“ते सरकतात, बाई. रोज थोडे. कापडावरचे असते तर जागेवर राहिले असते.”

“हे कोणी शिकवलं तुला?”

“आईने. ती फोल्डिंगला आहे.”

बाईंना फोल्डिंग माहीत नव्हतं. मी विती टाकून दाखवल्या, तक्त्यावरच, एक, दोन, तीन, चार. त्या वाकून ऐकत राहिल्या, इतका वेळ की पवनचक्कीवाल्याचं पाणी संपलं. जाताना मामाकडे बघून म्हणाल्या, “तुमची मुलगी का?” मामा म्हणाला, “भाची.” पण तो ते जरा ताठ होऊन म्हणाला.

नंबर आला नाही. पहिला पवनचक्कीचा, दुसरा ज्वालामुखीचा, तिसरा कुठल्याशा साबणाचा. माझं नावही कोणी वाचलं नाही. घरी येताना मामा पुढे, तक्ता घेऊन सर त्याच्या मागे आणि मी सगळ्यांच्या मागे. आईने बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी केल्या होत्या. मामा मन लावून जेवला. मी ताटात भात चिवडत होते. दुसरी भाकरी संपवून, हात धुऊन, पेनं खिशात सारखी करून तो म्हणाला, “बाय, पोरीला डी.एड.ला घालून काही उपयोग नाही.”

आई भाकरी थापता थापता थांबली.

“मास्तरीण व्हायचं म्हणजे पुस्तकात आहे ते फळ्यावर लिहायचं आणि पुढं जायचं. ही बया फळ्यावर लिहील आणि उद्या येऊन सांगेल की पोरांनो, काल माझं चुकलं. शाळेत टिकायची नाही.” त्याने सरांकडे पाहिलं. “माफ करा हां, गुरुजी. हिला सायन्सलाच घाला. तिथं चालतं वाटतं असलं. त्या बाई तर खूश होत्या.”

“पण नंबर?” मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

“नंबर गेला खड्ड्यात,” मामा म्हणाला. “मी रोज पन्नास कागदांवर सह्या बघतो. आपल्याच कागदावर लाल खूण करणारा अजून एक बघितला नव्हता.” आणि त्याने आणखी एक भाकरी मागितली.

बाबांनी तेवढ्यात पुन्हा सरकीचा विषय काढला. तो त्यांनी त्या दिवशी चार वेळा काढला आणि पुढे आयुष्यभर काढला. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला, माझ्या लग्नात व्याह्यांनासुद्धा, त्यांनी सांगितलं की सूर्यावरचा डाग शेवटी सुताचा निघाला. आई म्हणायची, जागेवर बसला होता म्हंजे लूमचाच. दोघंही आपापल्या परीने बरोबर होते आणि ते दोघांना माहीत होतं.

सोमवारी शाळेतून आले तर फळीवर नवं कापड ताणलेलं होतं. आईने रविवारी फोल्डिंगच्या टेबलावर ते उलटसुलट तीनदा तपासलं होतं, तसं बाबांनी सांगितलं. मी फळी उन्हात नेऊन स्वतः पाहिली, नखाने सगळीकडे चाचपली. एक कण नाही, एक गाठ नाही. आणि तरी किनारीला, वरच्या बाणाशेजारी, लाल दोऱ्याची एक गाठ होती. संध्याकाळी आई आल्या आल्या मी तिला विचारलं की हा दोरा कशाला, डाग तर कुठेच नाही.

आई पदराने तोंड पुसत होती. “असल कुठंतरी,” ती म्हणाली. “मला दिसला न्हाय.”